पायाभूत प्रशिक्षणाला निघताना: बेलापूरच्या वर्गातून परतलेल्या एका महसूल सहायकाकडून

प्रशिक्षणाचा आदेश आला तेव्हा मला नोकरीत जेमतेम चार महिने झाले होते. टेबलावर उत्पन्नाच्या दाखल्यांचा ढीग, दारात माणसं आणि त्यात आमच्या अव्वल कारकून मॅडमचं वाक्य, "जा, तेवढाच आराम होईल." मीही तसंच समजून गेले. शहापूरहून बेलापूरला रोज जा-ये करण्यात आराम कसला, ते पुढे सांगतेच. पण खरी चूक दुसरीच होती. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसते तशी मी तिथे जाऊन बसले, वही उघडून, प्रत्येक शब्द उतरवून घेत.

त्या वर्गात पाठांतर कोणी विचारत नाही. कामाची गोष्ट दोनच: नियम कुठे सापडेल हे माहीत असणं, आणि सापडल्यावर तो साहेबांपुढे अशा पद्धतीनं मांडणं की त्यांना सही करता येईल. हे माझ्या डोक्यात शिरायला नऊ दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. मी महसूलमधली, त्यामुळे उदाहरणं महसूलची येतील. कृषी, सहकार, वित्त, कुठल्याही विभागात असाल तरी क्रम साधारण हाच.

१. कार्यमुक्तीचा कागद हातात आल्याशिवाय निघू नका

प्रशिक्षणाचा आदेश वेगळा आणि तुमच्या कार्यालयानं तुम्हाला त्यासाठी कार्यमुक्त केल्याचा आदेश वेगळा. मला "जा तू, कागद मागाहून करू" असं तोंडी सांगण्यात आलं आणि मी गेले. कागद मागाहून झालाच नाही. महिनाअखेरीला पगाराचं देयक बनवताना हजेरीपटावर माझे ते दिवस कोरे. कर्तव्यावर होते, रजेवर होते की गैरहजर होते, कुणालाच सांगता येईना. प्रशिक्षणाचा काळ कर्तव्यकाळच धरतात, पण तो कागदावर दिसायला हवा. शेवटी प्रशिक्षणस्थळाच्या हजेरीची प्रत मागवून प्रकरण मिटलं, आणि पगार उशिरा झाला.

त्यामुळे निघण्याआधी आस्थापना शाखेत उभं राहून कार्यमुक्ती आदेश घ्या आणि तुमच्या टेबलाचा कार्यभार कुणाकडे दिला ते त्यात लिहून घ्या. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमच्या गैरहजेरीत एखाद्या अर्जाची मुदत टळली तर विचारणा तुम्हालाच होते.

२. पिशवीत काय असावं

कागद: नियुक्ती आदेश, प्रशिक्षणाचा आदेश, कार्यमुक्ती आदेश, ओळखपत्र, आधार आणि पॅनच्या प्रती, चार फोटो. पगाराच्या प्रणालीतला सेवार्थ क्रमांक आणि निवृत्तिवेतनाचा प्रान क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वित्ताच्या तासाला "तुमचा प्रान किती?" असं विचारल्यावर आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी मोबाईल काढले, आणि तिथे रेंज नव्हती.

वस्तू: रेघी वही, निळं किंवा काळं पेन, पाण्याची बाटली, पातळ स्वेटर किंवा ओढणी. एसीचा झोत कुणाच्या डोक्यावर येईल ते नशिबावर असतं.

एक गोष्ट कुठल्याच यादीत नसते, पण न्याच. तुमच्या टेबलावर अडलेली तीन-चार खरी प्रकरणं. नावं, गट नंबर, सगळं खोडून फक्त पेच लिहून घ्या. वर्गातल्या व्याख्यात्याला "सर, असं झालं तर?" विचारायला तुमच्याकडे काहीतरी हवं. मी पहिल्या आठवड्यात रिकाम्या हातानं बसले होते.

३. गाडी कोणती धरायची

राहायची सोय असेल तर निमूटपणे तिथे राहा. जा-ये करणार असाल तर हे वाचा.

ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या, गाड्या नऊ आणि दहा नंबरला लागतात. कल्याण-कसाऱ्याकडून येणाऱ्यांनी पूल चढून तिकडे जाण्याचा वेळ धरायचा. फलकावर 'वाशी' असेल तर ती गाडी तुर्भ्याहून सानपाड्याकडे वळते, बेलापूरला जात नाही. घाईत तीच धरली असेल तर तुर्भ्याला उतरून मागची पनवेल पकडा. 'नेरुळ' गाडीही चालते, पण नेरुळला बदलायला लागतं. तिथे समोर उरणची गाडी दिसली म्हणून चढू नका, ती सीवूड्सनंतर बेलापूर सोडून निघून जाते. आमच्यातल्या सिंधुदुर्गच्या एका भावाला ती थेट खारकोपरपर्यंत घेऊन गेली. परत आल्यावर तो शांतपणे म्हणाला, "खाडी बघून इलंय."

पास काढताना खिडकीवर 'मार्गे ठाणे' असं स्पष्ट सांगा. पावसाळ्यात घरून अर्धा तास आधी निघा, आणि कळवा-मुंब्र्याला गाडी थांबली तर वर्गाच्या ग्रुपवर लगेच कळवा. नंतर सांगितलेलं कारण आणि आधी कळवलेलं कारण यांचं वजन सारखं नसतं, नोकरीत तर मुळीच नाही.

४. पहिल्या दिवशी: स्वतःची ओळख आणि बसायची जागा

परिचयाच्या सत्रात नाव, गाव, पद, कार्यालय, एवढं बोला आणि बसा. परीक्षेत कितवा क्रमांक आला ते सांगू नका. आमच्याकडे एकानं सांगितला, आणि पुढचे सगळे दिवस तो 'क्रमांक' याच नावानं ओळखला गेला.

कोकण विभागाचे जिल्हे सात: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. साहजिकच पहिल्या दिवशी प्रत्येक जण आपल्या जिल्ह्यातल्यांजवळ बसतो. तसं करू नका. उपनगरातल्या सहायकाच्या टेबलावर झोपडपट्टी आणि अतिक्रमण, मुरबाडच्या टेबलावर वनहक्क आणि टंचाईचे टँकर, रत्नागिरीच्या टेबलावर एका सातबाऱ्यावर साठ-सत्तर नावं. शेजारी वेगळ्या जिल्ह्यातला असेल तर चहाच्या सुट्टीतच निम्मं प्रशिक्षण होतं.

माझ्या शेजारी एक काका होते. वीस वर्षं शिपाई म्हणून काढून पदोन्नतीनं लिपिक झालेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. संगणकाच्या तासाला ते हात मांडीवर ठेवून बसत. मी त्यांना युनिकोडमध्ये इनस्क्रिप्टनं टाईप करायला शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचं नाव टंकलं आणि पडद्याकडे बराच वेळ बघत बसले. बदल्यात त्यांनी मला अभिलेख कक्ष शिकवला. गठ्ठा बांधताना रुमालाचं कुठलं टोक आधी दुमडायचं, गाठ वर का घ्यायची, चिठ्ठी बाहेरून वाचता येईल अशी कुठे अडकवायची. "गठ्ठा बांधतो तो एक माणूस, सोडतो तो दुसरा," ते म्हणायचे, "आणि तो दुसरा दहा वर्षांनी येतो." अभिलेखांच्या वर्गीकरणाच्या तासाला व्याख्यात्यांनी कुठल्या वर्गाचा कागद किती काळ जपायचा ते, अ म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्षं, क म्हणजे १० वर्षं, क-१ म्हणजे ५ वर्षं, ड म्हणजे १ वर्ष, असं फळ्यावर लिहिलं. मला ते एकदा वाचूनच लक्षात राहिलं, कारण मामांनी आदल्या दिवशी जेवणाच्या डब्यांवर मला ते दाखवलं होतं.

५. जेवणानंतरचा तास

दुपारी जेवण झालं की वित्त आणि लेखा. कुठल्याही बॅचला विचारा, हेच उत्तर मिळेल. मुंबई वित्तीय नियम १९५९, कोषागार नियम १९६८, आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाचे पैसे काढून वाटणारा), देयकाचे नमुने. डोळे मिटतात. माझा उपाय साधा: त्या दिवशी डब्यात भात नेत नाही. शिवाय त्या तासाला लिहीत बसण्यापेक्षा स्वतःची पगारपत्रक प्रत समोर ठेवा आणि प्रत्येक कपात कशाची ते ओळखून काढा. स्वतःच्या पैशाचा विषय निघाला की झोप जाते.

६. टिप्पणी: इथे थांबून वाचा

टिप्पणी म्हणजे साहेबांच्या निर्णयासाठी संचिकेत, म्हणजे फाइलमध्ये, लिहून ठेवायची मांडणी. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे नको. आम्हाला एक अर्ज दिला होता. अर्जदाराचं म्हणणं असं: जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर वडिलांचं नाव 'गणपत', संगणकीकृत सातबाऱ्यावर 'गणपती'. दुरुस्ती करून मिळावी. यावर टिप्पणी लिहा, वेळ पाऊण तास.

मी चार पानं लिहिली. सातबाऱ्याचा इतिहास, संगणकीकरणाचं महत्त्व, शेतकऱ्याला होणारा त्रास. निबंधात मला नेहमी चांगले गुण मिळायचे. आमचे व्याख्याते निवृत्त उपजिल्हाधिकारी होते. त्यांनी माझी टिप्पणी सगळ्यांसमोर उलटीकडून वाचायला घेतली, शेवटच्या ओळीपासून. शेवटची ओळ होती, 'तरी योग्य निर्णय व्हावा.' ते म्हणाले, "कुठला निर्णय? मी तहसीलदार आहे असं समजा. सही कशावर करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. ते मी जसंच्या तसं देते.

परिच्छेद एक: कोणी, कधी, काय मागितलं. दोन ओळी.
परिच्छेद दोन: कागद काय सांगतात. जुना सातबारा, फेरफार, संगणकीकृत उतारा, प्रत्येकाचं संचिकेतलं पान.
परिच्छेद तीन: नियम काय सांगतो. इथे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती.
परिच्छेद चार: अडचण काय. त्या सातबाऱ्यावर इतर खातेदार आहेत का, त्यांची हरकत आहे का, नोटीस दिली का.
परिच्छेद पाच: प्रस्ताव. 'मान्यता दिल्यास हितसंबंधितांना नोटीस देण्यात येईल. नोटिशीचा मसुदा सोबत सादर.'
खाली: 'आदेशार्थ सादर.'

सगळं मिळून पाऊण पान. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक, म्हणजे साहेबांना 'परि. ५ प्रमाणे मान्य' एवढं लिहून सही करता येते. त्या एका ओळीसाठी आपला सगळा खटाटोप.

मग त्यांनी अर्ज बदलला. समजा, अर्जदार म्हणतो, गणपत नाव चुकून लागलं, खरा वारस त्याचा भाऊ. आता कलम १५५ चालेल? अर्ध्या वर्गानं हात वर केला. ते म्हणाले, "नाव चुकीचं लिहिलं गेलं आणि चुकीच्या माणसाचं नाव लागलं, यात फरक आहे. पहिलं लेखनप्रमाद. दुसरं हक्काचा वाद, तो लेखणीच्या एका फटक्यात मिटवायचा नसतो." कलम १५५ वापरून नको ते करून ठेवलेली प्रकरणं वर अपिलात कशी उलटतात, हे ते पुढे बराच वेळ सांगत राहिले. चहा थंड झाला, कोणी उठलं नाही.

टिप्पणीतले नेहमीचे सापळे: 'कार्यवाही करावी' असं लिहून कोणी करावी ते न लिहिणं. तारीख नसणं. स्वतःचं मत आणि कागदावरची वस्तुस्थिती एकाच वाक्यात मिसळणं. इंग्रजीतून विचार करून लिहिलेलं लांबलचक वाक्य, ज्याचं क्रियापद तिसऱ्या ओळीत येतं. भाषा संचालनालयाचा शासन व्यवहार कोश जवळ असू द्या, पण 'उपरोक्त विषयांकित प्रकरणी' असल्या शब्दांच्या प्रेमात पडू नका. राजभाषा अधिनियम १९६४ पासून आपला कारभार मराठीत आहे, तो वाचणाऱ्याला समजेल अशा मराठीत असायला हरकत नाही.

७. नियमांच्या तासांना काय पकडायचं

सगळं उतरवू नका. प्रत्येक कायद्यातून तुमच्या टेबलाला चिकटणारी मुदत तेवढी वहीच्या मागच्या पानावर लिहा. माझं पान असं आहे:

माहितीचा अधिकार २००५: उत्तर ३० दिवसांत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत, दुसऱ्या प्राधिकरणाचा विषय असेल तर ५ दिवसांत हस्तांतर.
बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध अधिनियम २००५: संचिका एका टेबलावर कामाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त नको. हा कायदा आपण फक्त बदलीसाठी ओळखतो. नावाचा दुसरा अर्धा भाग कोणी वाचत नाही.
लोकसेवा हक्क अधिनियम २०१५: अधिसूचित सेवेची मुदत कार्यालयाबाहेरच्या फलकावर असते. परत गेल्यावर तो फलक एकदा वाचा. मी तोवर वाचला नव्हता.

शासन निर्णयाबद्दल एक सावधगिरी. बाजारात आणि मोबाईलवर फिरणारी संकलनं जुनी असतात. शासनाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निर्णयाला लांबलचक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कुणी निर्णयाचा फोटो पाठवला तर आधी ते आठ अंक बघा, मग त्याच विषयावर नंतरचा निर्णय आहे का ते शोधा.

वर्तणूक नियम १९७९ तुम्हाला रुजू झाल्या दिवसापासून लागू आहेत, वर्गातही. व्याख्यान चालू असताना रील बनवून 'साहेब' असं गाणं लावणारे दोघं आमच्याकडे होते. त्यांना काय सांगण्यात आलं ते बंद दाराआड झालं. रील मात्र जेवणाआधी गायब होती.

८. स्वतःचं सेवापुस्तक याच काळात समजून घ्या

आस्थापनेच्या तासाला व्याख्याते विचारतात, "स्वतःचं सेवापुस्तक किती जणांनी पाहिलंय?" आमच्यात सात हात वर आले. जन्मतारीख अंकात आणि अक्षरात जुळते का ते पाहा. तिच्यात काही चूक असेल तर बदलाचा अर्ज नोकरीत आल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. जात वैधता, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन, संगणक अर्हता, टंकलेखनाची प्रमाणपत्रं (मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट), मराठी-हिंदी भाषा परीक्षा किंवा त्यातून सूट, यांच्या नोंदी झाल्यात का ते तपासा. सूट आपोआप लागत नाही. दहावीचं गुणपत्रक जोडून अर्ज करा आणि सूट मिळाल्याची नोंद सही-शिक्क्यानिशी घ्या. विभागीय परीक्षा किती वर्षांत, किती संधींत पास व्हायची, हे प्रत्येक पदाच्या सेवाप्रवेश नियमांत असतं. तुमच्या पदाचे नियम शोधून ते पान छापून ठेवा. दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची दुसरी प्रत, मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

९. शेवटची चाचणी आणि अभिप्राय

चाचणी अवघड नसते. अभिप्रायाच्या फॉर्मवर मात्र सगळीकडे 'उत्कृष्ट' लिहून मोकळं होऊ नका. आम्ही लिहिलं होतं की टिप्पणीचा सराव एकच झाला, तो किमान तीनदा हवा. पुढच्या बॅचमधली माझी मैत्रीण सांगत होती, त्यांना दोन मिळाले.

१०. परतल्यावर, पहिल्याच दिवशी

हजर अहवाल लिहून द्या, त्याची पोच घ्या. प्रशिक्षण पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राची प्रत आस्थापनेच्या भाऊसाहेबांकडे द्या आणि सेवापुस्तकात नोंद होईपर्यंत दर आठवड्याला एकदा गोड बोलून आठवण करा. प्रवास भत्त्याचं देयक त्याच आठवड्यात टाका. तिकिटं, पासाची प्रत, हजेरीचा दाखला, सगळं एकत्र टाचून. माझ्या देयकाला पासाची प्रत लावायची राहिली म्हणून ते परत आलं. तोपर्यंत मूळ पास मी फेकून दिला होता.

मग तुमच्या टेबलावर जा. ज्याच्याकडे कार्यभार दिला होता त्याच्याकडून काय आलं, काय गेलं, काय प्रतीक्षेत आहे, याची लेखी यादी घ्या. माझ्या यादीत एक नावदुरुस्तीचा अर्ज होता. नाव 'यशोदा'चं 'येशोदा' झालेलं. त्याच्यावर मी पाऊण पानाची टिप्पणी लिहिली, पाच परिच्छेदांची. संध्याकाळी संचिका परत आली. साहेबांनी हिरव्या पेनानं एक प्रश्न लिहिला होता: 'सहखातेदार किती?' तो आकडा मी परिच्छेद चारमध्ये लिहायलाच विसरले होते.